हिंगण्याची बस आणि ‘राहिलो’

नागपूरला जाऊन आले म्हटलं की कोल्हापुरात पहिला प्रश्न येतो, संत्री कुठं आहेत? मे महिन्यात संत्री नसतात, हे मी आठवडाभरात गल्लीतल्या प्रत्येकाला वेगवेगळं समजावून सांगितलं. दुसरा प्रश्न उन्हाचा. ऊन होतं, भरपूर होतं, पण मला घाम फुटला तो उन्हानं नाही. तो का फुटला हे सांगायला निवांत वेळ लागतो आणि ऐकणाऱ्याला तेवढा धीर नसतो, म्हणून लिहायला बसले.

माझी थोडी ओळख करून द्यायला हवी. मी शहर बससेवेत एकतीस वर्षं नोकरी केली. आधी कंडक्टर, शेवटची चौदा वर्षं कंट्रोल रूममध्ये. कुठली बस किती वाजता सुटली, किती वाजता पोचली, याशिवाय मला दुसरं जग नव्हतं. आजही घरात कुणी ‘पाच मिनिटांत आलो’ म्हणालं की मी घड्याळ बघते. घरातले त्यावरून चेष्टा करतात आणि मी त्यांच्याकडं दुर्लक्ष करते.

रविवार, स्टेशन ते इंदोरा

अक्का, माझी थोरली बहीण, चाळीस वर्षांपूर्वी नागपूरला दिली. तिची मुलगी प्रज्ञा हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या कामगार विभागात आहे. तिनंच मला बोलावलं होतं. फोनवर एवढंच म्हणाली, “मावशी, तीन दिवस तुझं घड्याळ मले पाहिजे.”

गाडीतून उतरले तर प्रज्ञाच्या नवऱ्याचा, म्हणजे नितीनरावांचा फोन. “मावशी, मी तुम्हाले घ्याले येऊन राहिलो.” मी म्हटलं वा, माणूस वेळेआधी येऊन थांबलाय. मग मी प्लॅटफॉर्मवर शोधलं, चहाच्या टपरीपाशी शोधलं, बॅग ओढत बाहेर जाऊन रिक्षांच्या गर्दीत शोधलं. अर्ध्या तासानं नितीनराव समोरून धापा टाकत आले. फोन केला तेव्हा ते कुठं घरून निघाले होते. नागपूरकडं ‘येऊन राहिलो’ म्हणजे येतोय. आमच्याकडं येऊन राहिलो म्हणजे आलो, मुक्काम ठोकला. इंदोऱ्याला घरी अक्कानं हे ऐकलं आणि पदर तोंडाला लावून हसली. चाळीस वर्षांत तीही ‘जेवून राहिली’ आणि ‘झोपून राहिली’ झाली आहे. मीही हसले, आणि हा धडा आता पाठ झाला असं समजले.

जेवताना प्रज्ञा मात्र हसली नाही. ती वाळली होती. भाकरीचे तुकडे करत तिनं सगळं सांगितलं. कारखान्यामागं मैदान आहे, त्यात कडुनिंबाची झाडं. मधल्या सुट्टीत कामगार तिथंच डबे खातात. मोटरसायकली वाढल्या, जागा पुरेना, म्हणून ती झाडं काढून गाड्यांसाठी पत्र्याची शेड घालायचं ठरलं होतं. गाड्यांना सावली देण्यासाठी झाडं तोडायची, हे प्रज्ञाच्या पचनी पडलं नाही. आधीच या शहराची मे महिन्यात भट्टी होते, त्यात एकेका माणसामागं एकेक मोटरसायकल रोज धूर सोडत हिंगण्याला जाते. तिनं हिशोब मांडला की पहिल्या पाळीतले चाळीसेक जण मेट्रोच्या मार्गावर राहतात. मेट्रो त्यांना शेवटच्या स्टेशनपर्यंत आणते. तिथून कारखाना पायी जायला लांब, म्हणून ते मोटरसायकल काढतात. त्या मधल्या तुकड्यावर एक विजेवरची बस लावली तर चाळीस गाड्या घरीच राहतील आणि शेड लागणारच नाही.

व्यवस्थापक वानखेडे साहेबांनी अट घातली. सोमवार ते बुधवार, तीन दिवस, चाळीसपैकी निदान पस्तीस जागा भरल्या पाहिजेत आणि बस साडेसातच्या भोंग्याआधी गेटात आली पाहिजे. एक दिवस जरी चुकलं तरी शेड. लोक बसतील का, याचीच प्रज्ञाला धास्ती होती.

“मंग लोक काहून नाही बसणार?” अक्कानं विचारलं.

प्रज्ञानं सांगितलं की लोकांचा मोटरसायकलवर जीव आहे असं नाही. भोंग्यानंतर पोचलं तर अर्ध्या दिवसाचा पगार जातो. मोटरसायकल कुणाला सोडून जात नाही, बस जाते. हीच एक भीती त्यांच्या मनातून निघत नव्हती.

मी म्हटलं, बस वेळेवर सुटेल आणि वेळेवर पोचेल, ते माझ्यावर सोड. वेळ पाळली की विश्वास आपोआप बसतो, असं मला तेव्हा वाटत होतं.

सोमवार, शेवटचं स्टेशन

सहाच्या सुमाराला इंदोऱ्याहून मेट्रोत बसले, सीताबर्डीला गाडी बदलली आणि शेवटच्या स्टेशनवर उतरले. गाडी उंचावरून जाते. खाली शहर जागं होत असतं, कुणी गच्चीवरच्या कूलरमध्ये पाणी भरत असतं, कुणी अजून चादर ओढून झोपलेलं असतं. डबा एवढा थंड की मी पदर घेतला, आणि जिना उतरले तर सकाळी सातलाच उन्हानं डोळे मिटले.

बस पांढरी, नवी, आवाज न करणारी. मला आवाज न करणारी बस काही पटली नाही. इंजिन चालू आहे का बंद, हे आमच्या काळी पाठीला कळायचं. ड्रायव्हर असलमभाई, पन्नाशीचे, कमी बोलणारे. प्रज्ञा गेटवर वानखेडे साहेबांबरोबर थांबणार होती. माझ्याकडं ‘बसचा फोन’ होता. त्याचा नंबर सगळ्या कामगारांना दिलेला, कुणाला उशीर होत असेल तर त्यानं त्यावर कळवायचं. सात दहाला बस सुटायची.

माणसं जिन्यावरून येत होती ती एकदम बसमध्ये चढत नव्हती. आधी बाहेरून बघायची, घड्याळ बघायची, मला बघायची. वंदना नावाची पॅकिंग विभागातली बाई सगळ्यांत आधी चढली आणि खिडकीशी बसून बाहेरच्यांना म्हणाली, या न गा, बस चावून नाही राहिली. मग लोक चढले. मी मोजले, सदतीस. सात दहाला मी हात केला, सात तेवीसला आम्ही गेटात होतो. वानखेडे साहेब दारात उभं राहून एकेक डोकं मोजत होते. प्रज्ञाच्या कपाळावरची शीर मला लांबूनही दिसत होती.

परत आल्यावर नितीनरावांनी पोहे खायला नेलं. पोह्यांवर चण्याची तर्री ओततात. आमच्या मिसळीच्या कटाची ही बहीणच, फक्त जास्त रागीट. मी डोळे पुसत दुसरी प्लेट घेतली. एक दिवस पार पडला होता.

मंगळवार, बावीस टक्के

मंगळवारी बसमध्ये चढले तर असलमभाईंचा चेहरा पडलेला. चार्जिंगची पिन रात्री नीट बसली नव्हती. समोरच्या काट्यावर बावीस टक्के. कारखान्यापर्यंत जायला ते पुरे, पण एसी चालवला तर भरवसा नाही, म्हणाले. त्यांनी माझ्याकडं बघितलं. डिझेलच्या बसची टाकी किती रिकामी असली की काय करायचं ते मला माहीत होतं. बावीस टक्के म्हणजे किती, हे मला कुठं ठाऊक?

एसी बंद ठेवला. छत्तीस माणसं. खिडक्यांच्या वरच्या काचा तेवढ्या सरकत होत्या, त्यातून येणारा वारा तव्यावरचा. पुढं एक ट्रक आडवा लागला होता, तिथं आमची चार मिनिटं गेली. काटा उतरत होता. अठरा, सतरा. माझ्या पाठीवरून घामाची धार चालली होती आणि मी घड्याळावरून नजर काढत नव्हते. सात एकोणतीसला गेटात शिरलो. आमचा शेवटचा माणूस उतरला आणि भोंगा झाला.

उतरताना एक माणूस पायरीवर थांबला, कठड्याला धरून हळूहळू खाली गेला. उंच, खांदे पुढं आलेले. देविदास, वेल्डर. अक्काच्याच गल्लीत राहतो. संध्याकाळी त्याच्या बायकोनं, सुशीलानं, मला जेवायला बोलावलं.

तिनं गोळाभात केला होता. साध्या भातात बेसनाचे गोळे आणि वरून हिंगाची कडकडीत फोडणी. आमच्याकडं भातावर रस्सा हवा, कोरडा भात म्हटलं की पाहुणा रागावेल. इथं तेलाचा चमचा उचलला की पाहुणाच ताट पुढं करतो. मी दोनदा केलं.

जेवताना कळलं की देविदासच्या मणक्यातली गादी सरकली आहे. धंतोलीतल्या डॉक्टरांनी मोटरसायकल बंद सांगितली होती, तरी तो चार महिने चालवत होता. वीस वर्षांची नोकरी आहे, दुसरं कसं जाणार? सुशीलानं सांगितलं की रात्री त्याला कूस बदलता येत नाही.

“आता नाही चालवत,” देविदास म्हणाला. “गाडी आज साळ्याले देऊन टाकली. तो उमरेडले घेऊन गेला.”

मी हातातला घास खाली ठेवला. अजून बुधवार बाकी होता. उद्या एक माणूस कमी पडला किंवा एक मिनिट जास्त झालं की बस बंद, आणि याची गाडी दूर उमरेडला. सुशीला भिंतीकडं बघत होती. तिचं नि त्याचं यावरून भांडण झालेलं दिसत होतं.

“काहून दिली एवढ्या घाईनं?” मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

“गाडी दारात असली, तर माणूस उद्या तिच्यावरच बसते,” तो म्हणाला. “तुमची बस टायमावर निघून राहिली न, ताई. मंग कायचं भेव?”

त्या रात्री मला कूलरच्या वाऱ्यातही झोप लागली नाही. माझ्या घड्याळावर एवढा मोठा भार आजवर कुणी टाकला नव्हता.

बुधवार, सात दहा

बुधवारी माणसं कमी आली. एकाच्या घरी लग्न, एकाला ताप, दोघं आदल्या दिवशीच्या उकाड्याला कंटाळून पुन्हा मोटरसायकलवर गेलेले. सात वाजता एकतीस. सात पाचला तेहतीस. सात आठला एक पोरगी पळत आली, चौतीस. देविदास यायचा होता. तो पस्तिसावा.

मी फूटपाथवर उभी. असलमभाईंचा हात स्टिअरिंगवर. वंदना खिडकीतून जिन्याकडं बघत होती. सात नऊला फोन वाजला. मागून मेट्रोच्या सूचनांचा आवाज, माणसांचा गलका, आणि त्यातून देविदास.

“ताई, मी उतरून राहिलो...”

फोन कटला.

पुढचं लिहिताना आजही लाज वाटते. कंट्रोल रूमच्या चौदा वर्षांत माझ्या कानांनी एकच शब्द हजारदा ऐकला होता. रात्रीची शेवटची बस सुटताना कंडक्टर विचारायचा, मॅडम, एक पॅसेंजर राहिला, काय करू? आणि मी म्हणायची, राहिला तर राहिला, बस सोड. आमच्याकडं राहिला म्हणजे विषय संपला. रविवारचा धडा, नितीनरावांची ती धाप, अक्काचं हसणं, त्या एका मिनिटात काही म्हणजे काही आठवलं नाही, उलट फोन लावायचंही सुचलं नाही. मी ऐकलं ते असं, की देविदास मधल्याच कुठल्या तरी स्टेशनवर उतरला आणि तिथंच राहिला. पाठ दुखली असेल, बसला असेल एखाद्या बाकावर. घड्याळात सात दहा झाले.

“चला,” मी असलमभाईंना म्हटलं. “तो राहिला.”

वंदना म्हणाली, थांबा न दोन मिनिटं. मी तिला सांगितलं की त्यानं स्वतः फोन केलाय, तो येत नाही, आणि दार लावून घेतलं. बस निघाली.

चौतीस. अट तर मोडलीच होती, पण निदान हे चौतीस वेळेवर पोचतील, असं मी स्वतःला समजावत होते. प्रज्ञाला काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होते. दुसऱ्या चौकापर्यंत आलो तेव्हा वंदना उठून माझ्याजवळ आली.

“ताई, तो नेमकं काय बोलला?”

“म्हणाला, उतरून राहिलो.”

वंदनानं माझ्याकडं रागानं नाही, कीव आल्यासारखं बघितलं.

“उतरून राहिलो म्हणजे उतरतो आहो,” ती म्हणाली. “जिन्यावर होता तो. पाठीमुळे हळू उतरते.”

मी पुढच्या दांड्याला धरलं. सात चौदा झाले होते. मागं वळलं तर भोंग्याआधी पोचणं अशक्य, सगळ्यांचा अर्धा दिवस जाणार. नाही वळलं तर हे चौतीस जण सुरक्षित, आणि ज्यानं बसच्या भरवशावर गाडी देऊन टाकली तो रस्त्यावर. मी आयुष्यात कधी एका माणसासाठी बस वळवली नव्हती. वळवणाऱ्या ड्रायव्हरला मेमो दिलेत.

मी सगळ्यांकडं तोंड करून सांगितलं की चूक माझी आहे. त्याचं बोलणं मला कळलं नाही. आता वळलो तर तुमचाही अर्धा दिवस जाईल, तुम्ही म्हणाल तसं करू.

असलमभाईंनी बस कडेला घेतली होती. मागच्या बाकावरचा एक जण खिडकीबाहेर बघत होता, एकानं डबा मांडीवरून काढून खाली ठेवला. मला वाटलं नको म्हणतील, आणि ते योग्यच होईल.

“वळवा, भाऊ,” वंदना म्हणाली. मागून कुणीतरी हाव, म्हणजे हो म्हणालं, मग आणखी दोघं-तिघं.

असलमभाईंनी दुभाजकाच्या फटीतून बस वळवली.

देविदास स्टेशनखालच्या कठड्यावर बसला होता. डबा शेजारी, दोन्ही हात गुडघ्यांवर. तो घाईत जिना उतरला होता आणि पाठ धरली होती. बस समोर उभी राहिली तरी क्षणभर उठला नाही. मग असलमभाई आणि मी त्याला धरून वर चढवलं. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तो म्हणाला, “मले वाटलं, गेली.” एवढंच. मग जाऊन खिडकीशी बसला आणि कारखाना येईपर्यंत बाहेर बघत राहिला.

भोंगा आम्ही शेवटच्या वळणावर ऐकला. बंद काचांतूनही तो आत आला. सात तेहतीसला गेटात पोचलो. वानखेडे साहेबांनी शांतपणे डोकी मोजली.

“पस्तीस,” ते म्हणाले. “पण तीन मिनिटं.”

मी त्यांना खरं ते सांगितलं, एक शब्द न लपवता. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, तुम्ही कंट्रोल रूममध्ये होता ना? मी मान हलवली. माणूस वाईट नव्हता, त्यांनी टोमणा तेवढ्यावरच सोडला. बस शनिवारपर्यंत भाड्यानं घेतली आहे, तोवर चालू द्या, सोमवारी शेडवाला येईल, एवढं प्रज्ञाला सांगून ते आत गेले. प्रज्ञा माझ्याकडं न बघता त्यांच्यामागं गेली.

मी घरी परतले. अक्कानं ताट वाढलं, मी तसंच झाकून ठेवलं. संध्याकाळी प्रज्ञा आली, हातपाय धुतले आणि म्हणाली, मावशी, मी रागावून नाही राहिली. पण ती रागावली होती, आणि तिचा हक्क होता.

गुरुवार, पुन्हा शेवटचं स्टेशन

गुरुवारी मी स्टेशनवर गेले ती देविदासची नीट माफी मागायला. शुक्रवारी माझी परतीची गाडी होती. बसच्या वेळेशी आता माझा संबंध नव्हता, तरी सवयीनं सातलाच पोचले.

बसपाशी रांग होती. मला आधी वाटलं, दुसऱ्या कुठल्या गाडीची असेल. कितीतरी चेहरे ओळखीचे नव्हते. हातात डबे, अंगात त्याच कारखान्याचे निळे शर्ट. बुधवारी मोटरसायकलवर गेलेले ते दोघंही होते. वंदना दारात उभी राहून जागा लावत होती. मी मोजायला सुरुवात केली आणि चाळिसावर थांबले, कारण जागा संपल्या होत्या. तिघं उभे होते.

मी वंदनाला विचारलं, हे सगळे कसे आले?

“काल मधल्या सुट्टीत सगळ्या लाइनीत एकच गोष्ट चालून राहिली होती,” ती म्हणाली. “बस एका माणसासाठी वापस आली म्हणून.”

अर्धा दिवस गेला, भोंगा चुकला, साहेबांची अट मोडली, यातलं कुणी काहीच बोललं नव्हतं. जिला ते घाबरत होते ती गोष्ट, बस सोडून जाणं, त्यांच्या डोळ्यांदेखत घडली होती, आणि नंतर जे घडलं तेही त्यांनीच केलं होतं. मी एकतीस वर्षं बस वेळेवर सोडल्या. त्यासाठी कुणी कधी रांग लावली नव्हती.

देविदास पुढच्या बाकावर होता. मी माफी मागितली तेव्हा तो ओशाळला आणि सरकून मला जागा करून द्यायला लागला. मी बसले नाही. जागा भरलेल्या होत्या.

सात दहाला एक माणूस जिन्याच्या वरच्या टोकाला दिसला. असलमभाईंनी माझ्याकडं बघितलं. मी घड्याळ बघितलं नाही असं म्हणणार नाही. बघितलं, आणि म्हटलं, थांबा, उतरून राहिला तो.

कोल्हापूर

येऊन दहा दिवस झाले. सोमवारी शेडवाला आला होता, त्यानं मैदान मापलं. वानखेडे साहेबांनी त्याला महिनाभरानं यायला सांगितलं आहे आणि बस तोवर चालू ठेवली आहे. महिन्यानं काय होईल ते प्रज्ञालाही माहीत नाही. निंब अजून आहेत आणि डबे त्यांच्याखालीच उघडतात, एवढं तिनं कळवलं. आता ती माझ्याशी पूर्वीसारखं बोलते.

आज सकाळी सात आठला फोन वाजला. नंबर अनोळखी होता. मागं मेट्रोच्या सूचना, माणसांचा गलका.

“ताई, देविदास बोलून राहिलो. काही काम नव्हतं, सांगाचं होतं तुम्हाले. बस उभी आहे, मी बसून राहिलो.”

मी म्हटलं, “बसून राहा.”